सेपाच्या डुकरिणीवरची धंदापट्टी

लुबिहान,
१९ जानेवारी

इंदाय ग्लेनरोज,

तुझं पत्र आणि बिस्किटांचा डबा इमोंगने खोबऱ्याच्या ट्रकमधून आणून दिला. डबा अर्धा होता. इमोंग म्हणतो, रस्ता फार खराब आहे. रस्ता बिस्किटं खातो हे मला माहीत नव्हतं.

पत्रापेक्षा फोन कर म्हणतेस. रेंज मिळते ती फक्त दफनभूमीच्या टेकाडावर, आणि तिथे ओरडून बोललं की मेलेल्यांच्या आधी सेपाला ऐकू जातं. त्यापेक्षा हे बरं. मी तिसरीत शाळा सोडली, पण अक्षर लागतं ना तुला, मग झालं.

बातमी अशी की यंदा आपल्या चॅपेलची खजिनदार मी झाले. कोणी उभं राहिलं नाही म्हणून झाले असं सेपा सांगत फिरते, तिकडे लक्ष देऊ नकोस. गेल्या वादळात आपले माड आडवे झाले तसा चॅपेलचा अर्धा पत्राही उडाला. मे महिन्यात सान इसिद्रोचा फिएस्ता. पाहुणे येणार आणि पावसात भिजत देवाला गाणं म्हणणार, हे मला चालणार नाही. म्हणून मी नियम केला. गावात जो धंदा करतो त्याने धंद्याप्रमाणे वर्गणी द्यायची. दुकानवाल्या बोदोयने रडत दिली. माडी काढणाऱ्यांनी दिली. बेबोट डुकरं पाळतो, त्यानेही दिली.

दिली नाही ती तुझ्या निनांग सेपाने. बाप्तिस्म्याला तुला पाण्यावर धरलं म्हणून ती माझी कुमारे झाली, आणि तुला ती देवमाणूस वाटते. मी तिला परकराच्या वयापासून ओळखते. तिच्या तीन डुकरिणी बेबोटकडे अर्धेलीने आहेत. कोंडा बेबोट घालतो, घाण बेबोट काढतो, व्याल्या की अर्धी पिल्लं सेपाला. मी तिच्या दारात गेले तर ती म्हणते, "कुमारे, मी कुठे धंदा करते? डुकरिणी माझ्या आहेत, एवढंच. मी तर माझ्या ओट्यावर बसलेली असते."

ओट्यावर बसून ती दर वेळी पिल्लं मोजते, ते सोड.

तू शहराच्या खजिना कचेरीत लोकांकडून धंदापट्टी काढणारी बाई. सहा वर्षं हंगामी ठेवलंय तुला, दर सहा महिन्यांनी नवा कागद, आणि आजारी पडलीस तर पगार नाही. कायम कधी करणार ते विचार त्यांना. आणि सेपाकडून वसूल कसं करायचं ते मला कळव.

तुझी आजी, लोला हेनांग

~

पुएर्तो क्लारा,
३ फेब्रुवारी

लोला,

निनांगशी भांडू नकोस असं लिहिणार होते, पण ते पावसाला पडू नकोस म्हणण्यासारखं आहे.

कायम होण्याचं विचारतेस तर ऐक. आमच्या साहेबीण, मॅम आरनाइझ, यांनी मला एक फाइल दिली आहे. ती नीट निस्तरली तर जुलैत कायमची जागा माझी, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तुला आठवतं ना, दाताच्या दुखण्याने तीन दिवस घरी राहिले तेव्हा भाड्याचे पैसे कसे जमवले होते? तसं पुन्हा नको आहे मला.

फाइल एका कंपनीची आहे. लुनहाव होल्डिंग्ज. नाव मोठं, पण प्रत्यक्षात एका बेकरीच्या वरची खोली. एक टेबल, एक पंखा, एक कुंडी आणि किहादा नावाचे एक म्हातारे हिशेबनीस. माल नाही, गिऱ्हाईक नाही. या कंपनीकडे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचे शेअर आहेत, ती डबाबंद मासे आणि सरबतं बनवते. तिला नफा झाला की त्यातला वाटा वर्षातून एकदा किहादांच्या खोलीत येतो. ते तो बँकेत ठेवतात. बँक व्याज देते. संपलं त्यांचं वर्षाचं काम.

आमच्या शहराने त्या वाट्यावर धंदापट्टी लावली, सावकारांना आणि बँकांना लावतो तशी. किहादांनी भरली, पण भरतानाच हरकत लिहून दिली, आणि आता पैसे परत मागताहेत. म्हणतात, "आम्ही सावकारी करत नाही, शेअर विकत नाही, आम्ही धंदाच करत नाही. आमच्याकडे शेअर आहेत, एवढंच."

लोला, हे वाचलं आणि मला निनांगचा ओटा दिसला.

मला चिठ्ठी लिहायची आहे, परतावा का नाकारावा याची. मॅमना ठसठशीत हवी आहे. तू निनांगला काय उत्तर दिलंस?

ग्लेनरोज

~

लुबिहान,
१४ फेब्रुवारी

इंदाय,

उत्तर दिलं, आणि नुसतं दिलं नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर चॅपेलच्या दारातच मी तिला गाठलं. सगळे होते. मी म्हटलं, "सेपा, डुकरीण व्याली की पिल्लू तुझ्या घरात चालत येतं का नाही?"

"येतं," म्हणाली.

"ते तू बाजारात विकतेस का नाही?"

"एखादं विकते. एखादं खाते."

"मग हा धंदा नाही तर काय नवस आहे? अगं, हात न हलवता पैसे येणं हाच तर सगळ्यात चांगला धंदा. हात हलवून पैसे मिळवतात ते आमच्यासारखे अडाणी."

लोक हसले. सेपा म्हणाली, "हेनांग, तुझ्या माडाचा नारळ खाली पडला तर तो तुझा धंदा का?" मी म्हटलं, पडलेल्या नारळाचं खोबरं करून विकलं तर हो. ती म्हणाली, मग पडण्यावर नको, विकण्यावर घे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, माझी नात शहरात पट्टी वसूल करते.

मग मी बेबोटकडे गेले आणि तिच्या वाट्यातलं एक पिल्लू उचलून आणलं. काळं, उजवा कान पांढरा. घराखाली खांबाला बांधलंय. तिचं नाव मी जप्ती ठेवलंय. वर्गणी दे आणि पिल्लू ने, असं सेपाला कळवलं. तिने कळवलं, पिल्लू आण आणि मग बोल.

तू तुझ्या त्या किहादाला हेच लिही. बसून खाणाऱ्याने तर दुप्पट द्यावी. बेकरीच्या वर बसतो म्हणजे पावही फुकट खात असणार. पिळून काढ, आणि कायम हो.

दात कसा आहे?

लोला हेनांग

~

पुएर्तो क्लारा,
१ मार्च

लोला,

दात काढून टाकला. आता दुखायला काही नाही.

चिठ्ठी लिहिली. तुझं वाक्य तसंच टाकलं नाही, पण सार तेच. "विनाश्रम उत्पन्न हा धंद्याचा अभाव नव्हे, तर त्याचं पक्वरूप होय," असं लिहिलं. मॅम आरनाइझनी सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हे डोकं हंगामी ठेवण्यासारखं नाही." त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातलं किनिलाव दिलं. मासे जरा जास्त आंबट होते, पण खाल्ले.

अजून सही व्हायची आहे. त्याआधी कंपनीचे मालक कोण ते पान भरायचं असतं, म्हणून मी बेकरीच्या वर जाऊन आले. किहादांनी पाव दिला, विकत आणून. तुझा अंदाज चुकला.

एक विचारायचं होतं. लोलो बेस्त्रे असताना तुम्ही खोबरं विकायचात, तेव्हा व्यापारी त्यातले काही पैसे कापून घ्यायचे का? आई लहान असतानाची गोष्ट. तुला काय आठवतं ते लिही. सहज विचारते.

जप्तीला काय खायला घालतेस?

ग्लेनरोज

~

लुबिहान,
१२ मार्च

इंदाय,

सहज विचारते म्हणालीस की माझे कान उभे राहतात. लहानपणी तू सहज विचारायचीस, काच महाग असते का, आणि मी खिडकीकडे बघायचे.

कापून घ्यायचे तर. आम्ही पोत्यात खोबरं भरून वजनाला न्यायचो, व्यापारी वजनात मारायचा ते वेगळं, आणि वर सरकारचा हुकूम म्हणून दर पोत्यामागे कापायचा. का, तर नारळवाल्यांच्या भल्यासाठी. बदल्यात एक चिटोरं द्यायचा. तुझा लोलो त्या चिटोऱ्यांत तंबाखू गुंडाळून ओढायचा. आमचं भलं असं धुराच्या वाटेने गेलं.

एकदा रेडिओवर सांगितलं की त्या पैशांतून नारळवाल्यांसाठी बँक घेतली, तुम्ही सगळे बँकेचे मालक. तुझ्या लोलोने लग्नातले बूट काढले, पायात कोंबले, आणि स्वतःची बँक बघायला शहरात गेला. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. संध्याकाळी परत आला तो लंगडत. मी विचारलं, कशी आहे बँक? म्हणाला, "बँक चांगली आहे, हेनांग. फार चांगला पहारा आहे."

पुढे कळलं की त्या काळच्या बड्या लोकांनी त्या पैशांत आणखी काय काय घेतलं, आणि कुठलं कोणाच्या नावावर ते देवाला माहीत. गेल्या महिन्यात नारळ खात्याचा एक माणूस आला होता, छत्री घेऊन. म्हणाला, कोर्टाने निकाल दिलाय, ते सगळं सरकारचं, आणि सरकारने ते नारळवाल्यांसाठी सांभाळायचं. त्यातून वादळातल्या माडांच्या जागी नवी रोपं मिळतील. मी विचारलं, कधी? त्याने छत्री उघडली.

जप्तीला मी कोंडा, केळीचं खोड आणि माझ्या ताटातलं उरलेलं घालते. फार खाते. सेपा रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन म्हणते, "माझं पिल्लू वाळलं." वाळलं कसलं, माझ्यापेक्षा जाड झालंय.

आता सांग, सहज का विचारलंस?

लोला हेनांग

~

पुएर्तो क्लारा,
२० मार्च

लोला,

लुनहाव होल्डिंग्जचे शेअर त्याच कापलेल्या पैशांतून घेतलेले आहेत. लोलोने ज्या चिटोऱ्यांत तंबाखू ओढला, त्या पैशांचे. कोर्टाने निकाल दिलेल्यांत ही कंपनीही आहे. म्हणजे किहादा ज्यांचा वाटा सांभाळत बसले आहेत ते शेअर सरकारच्या हातात, आणि सरकारच्या हातात ते तुमच्यासाठी. तू मला ज्याला पिळायला सांगितलंस ती तूच आहेस.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. मग हसू थांबलं.

कारण दुसरं आहे. मालक कोण ते बाजूला ठेवलं तरी चिठ्ठी खोटीच आहे. धंदापट्टी कमाईवर नसते लोला, धंदा करण्यावर असते. सावकार पैसे लावतो, वसूल करतो, दारात उभा राहतो. किहादा कोणालाही कर्ज देत नाहीत, शेअर विकत नाहीत, घेत नाहीत. आलेला वाटा बँकेत टाकला आणि बँकेने व्याज दिलं, म्हणून माणूस बँक होत नाही. हे मला चिठ्ठी लिहितानाही माहीत होतं. "पक्वरूप" हा शब्द मला इतका आवडला की मी पुढे चालत गेले.

मी खरी चिठ्ठी लिहिली तर जागा जाणार. नगरसेवकाची भाची त्याच जागेसाठी बाकावर बसून आहे, नखं रंगवते. मॅम वाईट नाहीत, पण त्यांनी महापौरांना सांगून टाकलंय की पैसे परत जाणार नाहीत. त्या पैशांत बसस्टँडला छप्पर घालायचं ठरलंय.

काय करू ते सांग. आणि रोपांकडे बघून सांगू नकोस.

ग्लेनरोज

~

लुबिहान,
२ एप्रिल

इंदाय,

रोपांकडे बघून मी काहीच सांगणार नव्हते. नारळाचं रोप लावलं की सात वर्षांनी धरतं, पगार महिन्याला धरतो. सरकारी रोपासाठी नोकरी घालवणारी मुलगी मी वाढवलेली नाही. आणि आमचे पैसे म्हणून सोड, असंही म्हणणार नाही. उद्या मालक चोर निघाला तर मग काय, पट्टी लावशील? मालकाचं तोंड बघून पट्टी लावायची असेल तर सगळ्यात आधी मी बोदोयला लावेन.

इकडे काय झालं ते ऐक. सेपाला ताप आला. चांगला दणकून, पंधरवडाभर अंथरुणात. मी सूप नेऊन दिलं, भांडण आपल्या जागी. त्याच पंधरवड्यात तिची मोठी डुकरीण बेबोटकडे व्याली. बेबोट आणि त्याची बायको तीन रात्री जागली, एक पिल्लू तोंडात फुंकून जगवलं. मी नेहमीसारखी हिशेबाला गेले. बेबोट कपाळावर हात मारून म्हणाला, "लोला हेनांग, ह्या पिल्लांची वर्गणी मी दिली ना?"

मी म्हटलं, "तू तुझी दिलीस. सेपाची वेगळी."

"पण धंदा तर एकच आहे. डुकरीण एकदाच व्याली."

मी वही मिटली. सेपाला तर ती व्याली हेही माहीत नव्हतं. ती तापात स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याशी बोलत होती, आणि तिकडे तिच्या वाट्याला पिल्लं येत होती. मालकी झोपूनही करता येते. धंदा झोपून करता येत नाही, हे मी बेबोटलाही बोलून गेले. जो तीन रात्री जागला त्याचा तो धंदा, आणि त्याची मी आधीच घेतली होती. एका डुकरिणीवर दोनदा.

म्हणजे मी चुकले. हे तुला लिहिते, सेपाला सांगणार नाही. जप्ती अजून माझ्याकडेच आहे. चॅपेलच्या दारात एवढं बोलून झाल्यावर डुक्कर कडेवर घेऊन तिच्या घरी जायचं, हे माझ्या वयाला शोभत नाही.

तुला काय करायचं ते तू कर. तुला ते माहीत आहे, नाहीतर तू मला विचारलंच नसतंस. खोटी चिठ्ठी पाठवणारी बाई आजीला पत्र लिहीत बसत नाही, ती नखं रंगवते. पण एवढं सांगते. तू तुझं आधी परत केलंस तर मी माझं करीन. मी आधी करणार नाही.

लोला हेनांग

~

पुएर्तो क्लारा,
२७ एप्रिल

लोला,

जप्तीला आंघोळ घाल. निनांगकडे जायचंय तिला.

मी नवी चिठ्ठी लिहिली. परतावा द्यावा. एक पान, "पक्वरूप" नाही. मॅम आरनाइझनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे तुझ्याच आधीच्या चिठ्ठीच्या उलट आहे."

"हो, मॅम."

"आधीची चांगली होती."

"भाषा चांगली होती, मॅम."

"ग्लेनरोज, एखादीला कायमची जागा मिळत असताना ती असं करते, म्हणजे तिला दुसरीकडे नोकरी मिळाली असणार."

"नाही, मॅम. आजीने डुक्कर धरून ठेवलंय."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मलाही समजावता आलं नसतं.

सही मात्र त्यांनी केली नाही. कुठल्याच चिठ्ठीवर नाही. उत्तर न देता मुदत संपली की तोही नकारच. किहादा आता कोर्टात जाणार आहेत. दोन्ही चिठ्ठ्या फाइलमध्ये राहिल्या.

जागा भाचीला मिळाली. मला कचेरीतून हलवून मासळी बाजारात टाकलंय, गाळ्यांची पट्टी गोळा करायला. पहाटे चारला जायचं, गमबूट घालून. हंगामीच. नवा कागद जूनपर्यंतचा आहे, पुढचं माहीत नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप लागली.

कपड्यांचा वास जात नाही. लिंबू लावते.

ग्लेनरोज

~

लुबिहान,
२१ मे

इंदाय,

राख आणि शहाळ्याचं पाणी लाव, लिंबाने काही होत नाही.

फिएस्ता झाला. पत्रा बसला, थोडा वाकडा. आणि मी माझा शब्द पाळला. आदल्या दिवशी जप्तीला धुतलं, दोरी धरली आणि निघाले. कडेवर घेणं शक्यच नव्हतं, तीच मला ओढत होती. सगळं गाव ओट्यावर आलं. बोदोयने दुकान बंद करून बघितलं.

सेपा ओट्यावर बसलेली. मी म्हटलं, "घे तुझं डुक्कर. वर्गणी बेबोटने दिली, तुझी लागत नाही."

ती खाली उतरली. जप्तीभोवती फिरली, पाठीवर हात दाबला, दात बघितले. मग म्हणाली, "कोणी वाढवलं हिला?"

"भुताने," मी म्हटलं.

"पिल्लू माझं. कोंडा तुझा. तीन महिने घाण तू काढलीस. मग कुमारे, ही तर अर्धेलीच झाली. मादी आहे, कापायची नाही. ने परत. व्याली की अर्धी तुझी, अर्धी माझी."

मी जप्त केलेलं डुक्कर तिने मला पाळायला दिलं. मी दोरी पुन्हा हातात घेतली. वाद न घालता कोणाचं ऐकलं ते माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा, पहिल्यांदा तुझ्या लोलोने मागणी घातली तेव्हा. परत येताना जप्ती पुढे आणि मी मागे, आणि बोदोय विचारतो, "लोला, डुक्कर द्यायला गेली होतीस का आणायला?"

फिएस्ताच्या दिवशी सेपाने स्वतःहून एक अख्खं डुक्कर भाजून आणलं, पोटात गवती चहा भरून. म्हणाली, ही वर्गणी नाही, ही माझी मर्जी, वहीत लिहायचं नाही. कुरकुरीत कातडं तिने माझ्या ताटात टाकलं. मी खाल्लं.

शेवटी पुढच्या खजिनदाराची निवड झाली. यंदाही कोणी उभं राहिलं नाही, एकटी सेपा राहिली.

तुझ्या जागेचं मला वाईट वाटतं. एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. रोपं आली नाहीत.

लोला हेनांग

~

पुएर्तो क्लारा,
६ ऑक्टोबर

लोला,

जूनचा कागद संपला तेव्हा मी सामान बांधून ठेवलं होतं. तुला कळवलं नाही, कारण तू इमोंगच्या ट्रकवर चढून इथे आली असतीस.

पण बाजारप्रमुख सर तागुद यांनी कागद वाढवला. झालं असं की, मासळीवाल्या बायका आजवर कोणालाच पट्टी देत नव्हत्या. "आज बोहनी नाही", "सुटे नाहीत", "तुझ्या आधीचा घेऊन गेला". मला पहिल्या दिवशी एकीने सांगितलं, "मी धंदा करत नाही गं, मी नुसती माशांजवळ बसलेय."

मी म्हटलं, "मावशी, नुसतं बसणाऱ्यांची फाइल मी केलेली आहे, त्यात माझी जागा गेली. तुमच्या हातात सुरी आहे आणि समोर गिऱ्हाईक आहे. काढा." ती इतकी हसली की दिली. आता सगळ्या देतात, शिव्याही देतात, दोन्हीचा हिशेब चुकत नाही. ज्या दिवशी गाळा खरंच बंद असतो त्या दिवशीची मी घेत नाही, हे त्यांना कळलंय. सर तागुदनी वर लिहून पाठवलं की ही मुलगी दुसरीकडे गेली तर मी राजीनामा देतो. एक तारखेपासून मी कायम. आजारपणाची रजा, दातासकट.

आणि लुनहावचं ऐक. कोर्टात तारीख लागली तेव्हा शहराच्या वकिलाने फाइल उघडली. आत एकाच अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या, एक होय, एक नाही. तो म्हणाला, न्यायाधीशांनी दुसरी वाचली तर पहिली मी कोणत्या तोंडाने वाचू? शहराने परतावा कबूल केला. त्याचे कागद आता भाची टाइप करते आहे, रंगवलेल्या नखांनी, फार हळू. बसस्टँडला छप्पर नाही. मीही तिथे भिजते.

काल मॅम आरनाइझ बाजारात आल्या. एक मोठा मासा उचलून म्हणाल्या, "ग्लेनरोज, तुझी दुसरीही चांगली होती." मग म्हणाल्या, "यात काही कमी होईल का?"

मी म्हटलं, "मासे मी विकत नाही, मॅम. मी फक्त पट्टी घेते."

नाताळात येते. चार दिवस, पगारी.

ग्लेनरोज

~

लुबिहान,
११ डिसेंबर

इंदाय,

कायम झालीस, बरं झालं. सामान बांधल्याचं लपवलंस त्याबद्दल आलीस की बोलू.

जप्ती व्याली. नऊ पिल्लं, एक मेलं, आठ राहिली. मी रात्रभर कंदील घेऊन घराखाली बसले होते, ह्या गुडघ्यांनी. सकाळी सेपा आली. चार पिल्लं तिने निवडली, चार माझ्याकडे ठेवली, सगळं रीतीप्रमाणे. चांगली निवडली, डोळा आहे तिला.

मग तिने झग्याच्या खिशातून पावतीपुस्तक काढलं.

"कुमारे, फिएस्ताची वर्गणी."

"कसली?"

"डुकरांच्या धंद्याची. यंदा खजिनदार मी आहे."

मी म्हटलं, "अर्धी पिल्लं तुझ्या टोपलीत आहेत, सेपा."

"आहेत. पण मी तर ओट्यावर बसलेली असते. कोंडा तू घालतेस, रात्र तू जागलीस. झोपून होते ती मालकी, जागून होतो तो धंदा. तूच बेबोटला सांगितलंस, बेबोटने मला सांगितलं. काढ."

मी तुला वर्षभर शहाणपण लिहिलं, ते सगळं एका सकाळी माझ्या दारात येऊन उभं राहिलं. दिली. पावती घेतली. आकडा दोनदा तपासला, बरोबर होता, ह्याचाच राग आला.

नारळ खात्याचा छत्रीवाला पुन्हा येऊन गेला. म्हणतो, शहराने घेतलेले पैसेसुद्धा आता नारळवाल्यांच्या फंडात परत गेले, म्हणजे तुमचेच झाले. मी म्हटलं, आमचे होते हे मला माहीत आहे, आमच्याकडे कधी येतात ते सांग. रोपं अजून वाटेत आहेत. बहुतेक इमोंगच्या ट्रकमध्ये असतील, रस्ता खात असेल. मी वाट बघत नाही. पडलेल्या माडांच्या जागी माझ्याच नारळांची रोपं केली आहेत, गुडघ्याएवढी झाली.

तू आलीस की आधी घराखाली वाकून बघ, मी तिथेच असेन. मग ओट्यावर जा, तिथे ती असेल. दोघींचे हात आशीर्वादासाठी वेगवेगळे कपाळाला लाव. एका डुकरिणीमागे दोनदा वाकावं लागेल तुला, पण एवढ्या एका बाबतीत मी हरकत नोंदवणार नाही.

येताना बिस्किटं स्वतःच्या मांडीवर आण.

लोला हेनांग